मान गळून पडेल म्हणणाऱ्या आजी

प्रिय आई,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

आज कोरियन भाषेनं माझी फजितीच केली बघ! वॉर्डातल्या एक आजी म्हणाल्या, "माझी मान गळून पडेल आता." मी धावत जाऊन मानेचा पट्टा आणला. मोठ्या सिस्टर पोट धरून हसल्या. "अगं, मान ठणठणीत आहे. त्या लेकाची वाट बघतायत!"

आपले डोळे वाटेकडे लागतात, यांची मान गळते!

मग मीच लेकाला फोन लावून तेच वाक्य ऐकवलं. तासाभरात पठ्ठ्या हजर! आजींनी त्याचा हात सोडलाच नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग हं. रजेचा अर्ज आजच दिलाय.

तुझीच,
धाकटी