दुरुस्तीखालची ओळ

कोपर, डोंबिवली
रविवार

प्रिय दौलत,

फोन असताना पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. तू निवृत्त झाल्यापासून ऑफिसात शांतता नांदते आहे, चहासुद्धा सुधारलाय. रतनवहिनी रोज सकाळी तुला चालायला नेतात, असं संचिताकडून कळलं. सहा वर्षांपूर्वी आपण त्यांची व्हीलचेअर ढकलत होतो. आता त्या पुढे आणि तू मागे धापा टाकत. न्याय आहे.

तर संचिता. घाबरू नकोस, कौतुकच आहे. तुझ्या लेकीने कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यातल्या कोडमधली, तिची पहिली मोठी दुरुस्ती माझ्याकडे तपासायला पाठवली, आणि नेमकी कुठली? क्रॅश डंपची राखीव मेमरी. म्हणजे तूच लिहिलेला कोड, तुझंच जुनं बिऱ्हाड. मशीन कोसळलं तर ते कसं कोसळलं हे टिपून ठेवायला, चालू होतानाच मेमरी बाजूला काढायची: मोठा तुकडा वरून, छोटा खालून. खालचा मिळाला नाही तर वरचा परत करायचा, कारण एकटा तो कुचकामी. संचिताला दिसलं, की आपला कोड तो परत करतच नाही. मशीन बंद होईपर्यंत तेवढी मेमरी अडकून पडते. सहा वर्षं हे कुणाच्या नजरेला आलं नव्हतं.

दुरुस्ती चोख आहे. फक्त एक ओळ नाही. आपली रीत तुला माहीतच: चूक कुठल्या बदलातून शिरली, ते लिहिणाऱ्याच्या नावासकट खाली नोंदवायचं. मी दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा ती टेबलापाशीच आली. "काका, ती ओळ राहू दे ना. बाबांना कळलं तर?" म्हटलं, "अगं, ही रीत बाबांनीच घातलीय. माझं नाव त्यांनी सात वेळा लिहिलंय." हसली नाही. "तुमचं वेगळं. बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, माझ्या कोडात कधी चूक निघाली नाही म्हणून." खरं आहे, मीही ऐकलंय, तोंडात जिलबी असताना. शुक्रवारपर्यंत ओळ आली नाही तर ही आवृत्ती हुकेल आणि तिचं काम पुढच्या आवृत्तीपर्यंत, सहा महिने लांबेल. आणि ओळीवाचून मी सही करणार नाही.

आमच्या पाठशाळेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तर देता येत नसे, म्हणून आधी तुझी बाजू. तो बदल तू हॉस्पिटलच्या बाकावर लिहिलास, वहिनी आत ऑपरेशनला होत्या. आता माझी. मी डबा घेऊन आलो, तुझा चेहरा पाहिला, आणि उतरताना जिन्यातच फोनवरून 'तपासलं' लिहून खाली नाव घातलं. एक ओळही वाचली नव्हती, एरवी तुझे स्वल्पविराम मोजणारा मी! वाटलं, आज या माणसाचं एक तरी काम सुरळीत होऊ दे. वाचलं असतं तर चूक तिथेच सापडली असती. सहा वर्षं सांगायचं राहून गेलं.

हे पाकीट उद्या संचिताच्याच हाती देतोय. तिला सांगेन, वहिनींना हवी असलेली भाजणीची कृती आहे. वाचून झालं की जेवताना लेकीला सांग, बाबांचं नाव बिनधास्त लिही. आणि त्याखाली, न वाचता तपासणारा म्हणून, माझंही. तिचा कोड मात्र मी तीनदा वाचलाय. तुझ्यापेक्षा बरा लिहिते.

तुझाच, सहा वर्षांपूर्वीची सही परत मागणारा,
प्रशांत