कंपनीचं नाव विचारलंस का?

प्रिय खटपट्या,

हे पत्र आईच्या हातून मिळालं म्हणून ते तिच्यासमोरच फाडू नकोस. तिला वाईट वाटेल आणि मला पुन्हा सगळं लिहावं लागेल. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हा जुना मार्ग. शिवाय यातलं काही फोनवर लिहून पाठवलं असतं, तर ते कुणाकुणाच्या हाती गेलं असतं याचा नेम नाही. आधी दोन कामं सांगते, मग बाकीचं. उद्या सोमवारी राजीनामा देऊ नकोस. आणि आजच, आईकडून घरी गेल्या गेल्या, परवा जिथे बायोडेटा पाठवलास तिथे दोन ओळींची मेल टाक. माझा अर्ज मी मागे घेत आहे, तो कुणालाही दाखवू नये, एवढंच. कारण अगदी शेवटी लिहिलं आहे. ते आधी सांगितलं तर तू पत्र तिथंच टाकशील, पायात चपला सरकवशील आणि कुणाच्या तरी अंगावर धावून जाशील. म्हणून सगळं क्रमाने वाच.

मला हे कसं कळलं ते सांगते. तुझी बायको आईला म्हणाली, आई मला म्हणाली. नवी नोकरी जवळजवळ पक्की झाली आहे, जुन्या ठिकाणी आता एक दिवसही थांबायचं नाही, सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर राजीनामा आपटायचा, असं तू घरी जाहीर केलं आहेस म्हणे. आई खूश होती. मी फोन कानाला धरून नुसती हूं हूं करत होते, कारण तुझा बायोडेटा त्या वेळी माझ्यासमोरच उघडा होता. हो, ती एजन्सी माझीच. म्हणजे मी जिथे नोकरी करते तीच. मी कुठल्या एजन्सीत आहे हे तू आजवर विचारलंच नाहीस. तुझ्या लेखी मी फक्त प्लेसमेंटवाली. आईच्या घरी जेवताना तू माझ्या कामाला माणसांची दलाली म्हणालास, मीही मग तुला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही, आणि तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. तो राग मी अजून सोडलेला नाही. पण तो बाजूला ठेवून आज लिहिते आहे.

तुला फोन केला तो आमच्याकडचा नवा माणूस. मुलगा कामाला चांगला आहे, पण जिभेला हाड नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तो प्रत्येकालाच सांगतो, तुमचं जवळजवळ पक्कं समजा. आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ एवढाच, की तुमचा कागद ढिगाऱ्यात आहे. मागे एका बाईंनी असंच समजून हातची नोकरी सोडली. हिशेबनीस होत्या, कामाला चोख. कंपनीने मग ती जागाच रद्द केली. भरवशाच्या म्हशीला टोणगा! त्या रोज फोन करायच्या आणि आमच्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही नसायचं. नंतर नंतर आमच्यातलं कुणी त्यांचा फोन उचलेनासं झालं. ऑफर लेटर हातात येऊन त्यावर सही होईपर्यंत काहीही पक्कं नसतं, मग फोनवरचा माणूस कितीही गोड बोलो.

आणि तू दलाली म्हणालास ते अगदीच खोटं नाही, हे कबूल करते. आम्हाला पैसे कंपनी देते, नोकरी शोधणारा देत नाही. कुणी त्याच्याकडे पैसे मागितले तर त्याने तिथून पळच काढावा. पण याचा दुसरा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही. आम्ही तुझे वकील नसतो रे. आम्ही हसतो, चौकशी करतो, घरी कोण कोण आहे विचारतो, आणि माणूस आपला समजून भडाभडा बोलत सुटतो. त्या पोराने तुला विचारलं, नोकरी का सोडताय. तू काय काय बोललास ते त्याने शेरा लिहायच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं आहे. साहेबांना स्क्रू आणि खिळा यातला फरक कळत नाही. नवं मशीन त्यांनी कुणालाही न विचारता घेतलं आणि आता ते बंद पडलं की खापर माझ्यावर. मी आहे म्हणून कारखाना चालतो, मी गेलो की यांना कळेल. वाचताना मला तुझा आवाज ऐकू येत होता. दुसरी वेळ असती तर पोट धरून हसले असते. रिक्रूटरशी बोलताना नेहमी असं धरून चाल, की तू बोललेलं प्रत्येक वाक्य कुणीतरी टाइप करतो आहे. नोकरी का सोडताय याला मोठं काम हवं आहे एवढं उत्तर पुरे असतं. साहेबांची उणीदुणी सांगितली की पुढचा साहेब मनात म्हणतो, उद्या हा माझ्याबद्दलही असंच बोलेल.

पण खटपट्या, तो बायोडेटा वाचून मला तुझा अभिमानही वाटला. हे तोंडावर मी कधी बोलणार नाही, म्हणून इथे लिहून टाकते. खोके बनवणाऱ्या कारखान्यात तू देखभाल बघतोस, एवढंच मला माहीत होतं. बॉयलर बंद पडला तेव्हा बाहेरची माणसं येईपर्यंत तू अर्धा कारखाना जुन्या लाइनवर चालवून दाखवलास, हे तू घरी कधी बोलला नाहीस. हाताखालच्या पोरांना शिकवून वर काढलंस, तेही नाही. लहानपणी तू टेबलफॅन उघडून बसायचास आणि मी शेजारी बसून स्क्रू ओंजळीत धरायचे. तेव्हाही सगळं जुळलं की तू काही न बोलता उठून जायचास. मात्र बायोडेटात हे सगळं तिसऱ्या पानावर, पार तळाशी दडपलं आहेस, आणि पहिल्या पानावर शाळेचे मार्क. शाळेचे मार्क आता कोण बघतं? पुढच्या वेळी बॉयलर सगळ्यात वर लिही. आणि एकच बायोडेटा चार एजन्सींना वाटत फिरू नकोस. एका कंपनीकडे दोन वाटांनी एकच कागद गेला की एजन्सी आपसात भांडतात, आणि कंपनी त्या माणसालाच बाजूला ठेवते.

आता बाबांबद्दल. तू तेव्हा फार लहान होतास, तुला आठवत नसेल. बाबांनी एकदा रागाच्या भरात नोकरी सोडली होती. दुसरी ठरल्यातच जमा होती, एका मित्राने शब्द दिला होता. तो शब्द हवेत विरला. बाबा तरीही रोज सकाळी उठून बुटांना पॉलिश करायचे, कपडे घालायचे आणि पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. मी शाळेतून आले की ते तसेच बसलेले असायचे, पायात बूट घालून. आई त्यांना काही बोलायची नाही. मला वाटायचं की ती बोलली असती तर बरं झालं असतं. पुढे त्यांना काम मिळालं ते आधीपेक्षा हलकं, आणि तिथे ते कधीच कुणाशी मोकळेपणाने बोलले नाहीत. मी या धंद्यात आले त्याचं कारण विचारशील तर तेच आहे. लोकांना हे काम वरवरचं वाटतं. माझ्यासमोर कुणी बेकार माणूस बसला की मी आधी त्याचे बूट बघते.

तुझ्या घरात सध्या तुझा एकट्याचाच पगार येतो. लेकीला नुकतंच शाळेत घातलं आहे. तुझ्या बायकोने तिच्यासाठी नोकरी सोडली, आणि तुझ्या शब्दावर विसंबून सोडली. तिने आईला ती बातमी आनंदाने सांगितली असेल, पण आई म्हणाली की सांगताना ती दोनदा थांबली. तू कधी तिला विचारलंस का, की तिला भीती वाटते का? तुझ्या राजीनाम्यात त्या दोघीही आहेत. हातात नोकरी असलेल्या माणसाशी कंपन्या सरळ बोलतात. नोकरी नसलेल्याला घासाघीस करून घेतात. हे मी रोज बघते आणि रोज मला त्याची चीड येते, पण आहे हे असं आहे.

आता मेलची घाई का ते ऐक. ही जागा ज्या कंपनीची आहे, त्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं आहे. आमच्या एजन्सीत ते फक्त आमच्या मालकीणबाईंना आणि मला माहीत आहे. त्या कंपनीचे साहेब संशयी आहेत. एकही अर्ज गाळायचा नाही, मी स्वतः येऊन सगळे बघणार, असं त्यांनी आधीच बजावलं आहे. ते उद्या सकाळी येणार आहेत. तुझा बायोडेटा, त्यावरचा तो शेरा, सगळं त्यांच्यासमोर जाणार. मी तो गुपचूप काढू शकत नाही, प्रत्येक अर्जाला आल्या आल्या क्रमांक पडतो. बाईंना सांगून मी हे काम अंगावरून उतरवलं, घरगुती अडचण आहे एवढंच म्हणाले. पण अर्जदाराने स्वतः अर्ज मागे घेतला तर तो आणि शेरा दोन्ही काढून टाकायचे, हा आमच्याकडे पक्का नियम आहे. तो अधिकार फक्त तुला आहे, मला नाही. मेल करून थांबू नकोस, त्या पोरालाही फोन कर, आणि मेल पोचली असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोन ठेवू नकोस. त्याच्याशी भांडू नकोस, त्याला काहीच माहीत नाही.

उद्या नेहमीच्या वेळेला कामावर जा. कुणाला काही बोलू नकोस, कुणाकडे रोखून बघू नकोस. डोक्यावर बर्फ ठेव. साहेबांनी काही विचारलं तर मशीनबद्दल बोल. दुसऱ्या एजन्सीत माझी एक मैत्रीण आहे, माझ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त करते. तिचा नंबर आईकडे दिला आहे. तिला तुझ्या कंपनीचं नाव सांग, आणि तिच्याकडून पुढच्या प्रत्येक कंपनीचं नाव आधी विचारून घे. मला कंपनीचं नाव कळल्याशिवाय माझा बायोडेटा पुढे जाऊ देऊ नका असं रिक्रूटरला खुशाल सांगता येतं. चांगला रिक्रूटर त्याचा राग मानत नाही. आणि नाव सांगताच येत नसेल, तर निदान ही कंपनी माझ्या ओळखीची तर नाही ना, एवढं तरी विचारायचं. तू यातलं काहीच विचारलं नाहीस. तुझ्या हुशारीचं मला नवल वाटतं ते इथे.

हे लिहिताना मी आमच्या कामातली सगळ्यात मोठी शपथ मोडते आहे. कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि पुढे कुठलीही एजन्सी मला दारात उभं करणार नाही. तरी लिहिते. हे पत्र वाचून झालं की आईच्या गॅसवर जाळ आणि मगच घरी जा. आता ऐक. तू ज्या जागेसाठी अर्ज केला आहेस, ती खोक्यांच्या कारखान्यातल्या देखभाल प्रमुखाची आहे, बरोबर? जाहिरात वाचून तुला वाटलं असेल, ही तर जणू माझ्यासाठीच लिहिली आहे. तुझ्यावरूनच लिहिली आहे रे. मसुदा मीच केला, आणि करताना तो माणूस माझा भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. मला कंपनीने फक्त एवढंच सांगितलं होतं, की आत्ता त्या जागेवर जो आहे तो फार बोलतो, त्याला कळू न देता बदली माणूस शोधा. तुझा बायोडेटा उघडला आणि पहिल्या पानावर, सध्याची नोकरी या शब्दांपुढे, त्याच कंपनीचं नाव दिसलं. उद्या सकाळी आमच्या ऑफिसात अर्ज बघायला येणारे साहेब तुझे साहेब आहेत.

तुझीच,
जिच्याशी तू बोलत नाहीस ती ताई