स्पॉट की फ्लड

५ जानेवारी
गाडी आली. फोर बाय फोर. सेकंडहँड आहे, पण आधीचा मालक दाताचा डॉक्टर, म्हणजे घर ते दवाखाना याच्यापुढे गाडीने जग पाहिलेलं नाही. खरेदी विभागात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कोण फसवणार? तीन कोटेशनं मागवल्याशिवाय मी रुमालसुद्धा घेत नाही. हिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, चढायचं कसं? पायरी लावू म्हटलं. ही लगेच म्हणाली, मग आईला शाळेत नेता येईल.
संकल्प: या गाडीला फालतू एकही वस्तू लावायची नाही.

८ जानेवारी
आई म्हणजे माझ्या सासूबाई. टेकडीवरच्या एका शाळेत त्या पहिल्या शिक्षिका होत्या. लग्नाआधी तिथल्याच एका खोलीत एकट्या राहायच्या. तिच्या व्हरांड्यातून खाली नदीचं वळण दिसतं म्हणे. आता त्यांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याचा पडदा कधी दगा देईल सांगता येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काय डोळे भरून पाहायचं ते पाहून घ्या. त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. ती शाळा आणि ते वळण.
वाट म्हणजे नुसता खडक. मेहुण्याची छोटी कार निम्म्यातच पोट घासून बसते. हिचा माहेरी फोन चालू होता, तो मी हातात घेतला आणि म्हणालो, आई, मी आहे ना. येत्या रविवारी निघू. त्या म्हणाल्या, तुमच्यावर सोडलं हो. हिच्या डोळ्यांत पाणी. पलीकडून मेहुणा नुसतं बरं म्हणाला. झोंबलं असणार.

१० जानेवारी
ऑफरोडवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो. गाडीचा फोटो टाकला. ग्रुपचा अ‍ॅडमिन एक दाढीवाला आहे. त्याने एकच ओळ लिहिली: "ऑक्स लाइट्स नाहीत?" म्हणजे वरून लावायचे जादा दिवे. त्याच्याखाली बाकीच्यांच्या हसऱ्या तोंडांची रांग.
संध्याकाळी गाडीचे मूळचे दिवे लावून पाहिले. काजवे परवडले. आणि या दिव्यांच्या भरवशावर मी एका वृद्ध स्त्रीला डोंगरावर नेणार होतो! थोडक्यात निभावलं.
रविवार रद्द. ही म्हणाली, पण आपण दिवसा जाणार ना? म्हटलं, जाणार दिवसाच, परतायला उशीर झाला तर? ही म्हणाली, मग उशीर नाही करायचा. जोखीम म्हणजे काय हे बायकांना समजावणं कठीण.

१९ जानेवारी
अभ्यास सुरू. विषय वाटतो तेवढा सोपा नाही. स्पॉट म्हणजे लांब जाणारा पण अरुंद झोत. फ्लड म्हणजे जवळच पण ऐसपैस. स्पॉट घेतला तर लांबचा खड्डा दिसतो, पण बाजूचा दगड दिसत नाही. फ्लड घेतला तर उलटं. लोक हा विचार न करता दिवे घेतात आणि मग कपाळाला हात लावतात.
संकल्प: महिनाअखेर निर्णय.

३० जानेवारी
महिना एकतीसचा आहे. अजून एक दिवस हातात.

४ फेब्रुवारी
नवा मुद्दा: पांढरा की पिवळा? पांढऱ्यात लख्ख दिसतं, पण धूळ किंवा धुकं असेल तर तो उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. पिवळा डोळ्यांना बरा. यावर ग्रुपमध्ये सविस्तर टिपण टाकलं, उपमथळ्यांसकट. दुपारी जेवण सोडून लिहीत होतो. दाढीवाल्याने अंगठा पाठवला. उभा अंगठा. एका अंगठ्यात त्याने सगळं मान्य केलं.
ऑफिसात साहेबांनी विचारलं, पंपाच्या ऑर्डरचं काय झालं? तिसरं कोटेशन यायचंय म्हटलं. ते म्हणाले, पंप बंद पडून वर्कशॉपमध्ये घोट्याएवढं पाणी झालंय. घाई करणाऱ्या माणसांत काम करणं हा माझा भोग आहे.

१५ फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. कधी येताय? मी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. लुमेन, केल्विन, झोताचा कोन. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. आयुष्यभर मुलांचे पाढे ऐकलेल्या बाई, ऐकणं त्यांच्या रक्तातच. शेवटी म्हणाल्या, म्हणजे खूप उजेड पडेल. हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तेवढा लागणार नाही मला, पण तुम्ही म्हणता तर थांबते.
बघा! ज्यांच्यासाठी करतोय त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त हिची.

२ मार्च
ही बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. संसारात मौनाची किंमत मला कळते; निवांत वाचन झालं. निर्णय जवळजवळ झाला: टपावर आडवी एलईडी पट्टी. एक पट्टी, सगळे प्रश्न खलास.

९ मार्च
मेहुण्याचा फोन. आईला वाचताना मधल्या ओळी पुसट दिसायला लागल्यात, तर त्याने ट्रॅक्टर ठरवलाय. ट्रॉलीत गादी टाकायची, खुर्ची बांधायची, हळूहळू न्यायचं. उद्या सकाळीच.
माझा आवाज चढला. सासूबाई म्हणजे काय गवताचा भारा आहे? दारात जावयाची फोर बाय फोर उभी असताना ट्रॉलीतून जाणार? लोक काय म्हणतील? मेहुणा म्हणाला, भाऊजी, तिथे बघायला लोक नाहीत, दगड आहेत. मी म्हणालो, मला आजवर या घरात कोणी कुठल्या कामाला हात लावू दिलेला नाही, हे एक करू द्या. मग फोनवर सासूबाई आल्या. म्हणाल्या, राहू दे रे, जावयांचं मन नको मोडायला.
ट्रॅक्टर रद्द. मोठा विजय. या घरात माझ्या शब्दाला वजन आहे हे एकदा सिद्ध होणं गरजेचं होतं.
ही रात्री जेवली नाही. पित्त असेल.

२१ मार्च
पट्टी बसवली. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर चाचणी. उजेड प्रचंड, पण तो बॉनेटवर पडून काचेतून थेट माझ्याच डोळ्यांत. पुढचं काही दिसेना. समोरच्या घरातल्या बाईंनी ओरडून पडदे लावले. त्यांचा नवरा काळा गॉगल घालून खिडकीत येऊन उभा राहिला. खवचट माणूस.
ग्रुपमध्ये विचारलं. दाढीवाला म्हणाला, टपावर लावली की हे होणारच, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत होतं, आणि एकानेही सांगितलं नाही! पट्टी काढली. टपाला भोकं राहिली आहेत. त्यावर सध्या चिकटपट्टी.

६ एप्रिल
साहेबांनी पंप परस्पर विकत घेतला. मला रेकॉर्ड रूममध्ये बसायला सांगितलंय. खिडकी नाही, फोन वाजत नाही. विचार करायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. माझी क्षमता शेवटी कोणाच्या तरी लक्षात आली.

१८ एप्रिल
बंपरवर दोन स्पॉट आणि दोन फ्लड. स्पॉट की फ्लड हा प्रश्नच मुळात चुकीचा होता. दोन्ही! हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?
इलेक्ट्रिशियनने तीनदा तारीख देऊन चौथ्यांदा तोंड दाखवलं. त्याने जोडणी अशी केली की दिवे लावले की हॉर्न वाजतो. तो म्हणाला, रिलेमध्ये गडबड झाली, पण फायदाच आहे, समोरच्याला कळेल. त्याला परत बोलावलंय. त्याची बहीण बाळंत झालीय. कामाच्या वेळीच या लोकांच्या बहिणी बाळंत होतात.

२ मे
ही माहेरी गेली. बॅग मोठी होती. जाताना म्हणाली, आईला मी पेपर वाचून दाखवते आता. मी म्हणालो, मी येतोच मागून, फक्त धुक्यासाठीचे दोन पिवळे दिवे यायचेत. ती म्हणाली, या सावकाश. आवाजात राग अजिबात नव्हता. समजूतदार आहे. हळूहळू येतेय माझ्या बाजूला.

११ मे
पिवळे दिवे आले. खोक्यात एकच निघाला. दुसऱ्यासाठी लिहिलंय. एक पिवळा लावून जाणं म्हणजे डोळा मारत जाणं. शोभत नाही.

१७ मे
सकाळी हिचा फोन. सासूबाईंच्या चांगल्या डोळ्यात काल रक्त उतरलं. उठल्या आणि म्हणाल्या, आज दिवस उजाडलाच नाही का. डॉक्टर म्हणाले, उपचार करू, पण दृष्टीची आशा धरू नका.
हे कुणाच्या हातात असतं? मी काही डोळ्यांचा डॉक्टर नाही. शिवाय वय. शिवाय एक डोळा आधीच गेलेला होता, तेव्हा माझी गाडी नव्हती.
मेहुणाही बोलला फोनवर. ट्रॅक्टरचा विषय त्याने काढला नाही. मुद्दाम काढला नाही. काढला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तीन मुद्दे काढून ठेवले होते. त्याने विचारलं ते एवढंच, तुम्ही जेवलात का.
ते तीन मुद्दे आता कुणाला सांगणार?

१८ मे
दुसरा पिवळा आला.
रेकॉर्ड रूममध्ये खोकं उघडलं. काच चांगली आहे. बराच वेळ पाहत बसलो.

३० मे
गाडी तयार. सहा दिवे, हॉर्न वेगळा. ग्रुपमध्ये फोटो टाकला. दाढीवाल्याने लिहिलं, "आता कुठे निघालात?" उत्तर लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं आणि पुसलं.
हिला फोन केला. म्हटलं, रविवारी येतो. ती म्हणाली, कशासाठी? मी म्हणालो, आईंना शाळेत न्यायला. मग सासूबाईंचा आवाज आला. अगं, त्यांनी एवढी तयारी केलीय. जाऊ या.

४ जून
पोचलो. जाऊन आलो.
गाडी उत्तम चढली. कुठेही अडकली नाही. खडक आला की मी सांगायचो, आई, आता डावीकडे झुकू, आणि त्या दांडा घट्ट धरायच्या. ही मागे बसली होती, मेहुणा तिच्या शेजारी. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. एवढ्या रस्त्यात दिव्यांचं काम पडलंच नाही, म्हणून मी तिथे थांबून सहाही लावले. म्हटलं, आई, सगळे दिवे लावलेत. त्या वळल्या आणि म्हणाल्या, छान आहेत हो. त्यांचं तोंड गाडीच्या उलट दिशेला होतं.
शाळा बंद. कौलं अर्धी गेलेली, व्हरांडा शाबूत. त्यांनी भिंतीला हात लावला, चाचपत खांब शोधला आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. मी शेजारी होतो. त्यांनी विचारलं, नदी दिसतेय का? हो म्हटलं. वळण? हो, आहे. पाणी कितपत आहे? मी पाहिलं. आहे म्हटलं. आणि? पलीकडे काय आहे? झाडं आहेत म्हणालो. कसली? मला झाडांतलं कळत नाही. त्या वाट पाहत होत्या. तशाच, फोनवर ऐकायच्या तशा, मध्ये न बोलता. स्पॉटबद्दल मी या बाईंशी अर्धा तास बोललो होतो. नदीबद्दल मला चौथं वाक्य सुचेना.
मग ही पुढे आली. माझ्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. म्हणाली, आई, पाणी कमी आहे, पण वळणावर वाळूचा पट्टा उघडा पडलाय, चंद्रकोरीसारखा. तिथे दोन बगळे आहेत. एक आत्ता उडाला. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, कुठल्या बाजूला? ही सांगत राहिली. तिने आईचा हात धरून बोटाने हवेत वळण काढून दाखवलं.
मला तिथे काही काम नव्हतं. गाडीपाशी येऊन उभा राहिलो.
मेहुणा खाली आला. पाणी प्यायला, बाटली माझ्यापुढे धरली. म्हणाला, भाऊजी, दिवे चालूच राहिलेत. बॅटरी उतरेल.
बंद केले. उन्हात फरक कळला नाही.