कोरा अंगठा

१ एप्रिल
नोकरी पक्की झाली. सकाळी विभागप्रमुख मुग्धा मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. रामदासपेठेतल्या कॅन्सर रुग्णालयात मी समुपदेशक. जनुक तपासणीतून रुग्णाबद्दल आणि त्याच्या घरच्यांबद्दल काय कळू शकतं हे समजावायचं, चार पानी संमतिपत्र वाचून दाखवायचं, सही घ्यायची. साताऱ्याच्या माणसाला इथलं ऊन म्हणजे शिक्षाच, पण खोलीत नवा कूलर आहे आणि टपरीवाल्याने पहिल्याच चहाला मला ‘भाऊ’ केलं.

७ एप्रिल
उमरेडच्या रुख्माबाई आल्या. स्तनाचा कॅन्सर. आयुष्य हातमागावर गेलेलं, त्यात केमोच्या गोळ्यांनी तळहात सोललेले. तीनदा शाई लावली, ठसा कोराच. म्हणाल्या, घासून गेला गा बापू, आता यमही मले ओळखत नाही. दोघंही हसलो.
रक्ताला त्यांनी होकार दिला. लॅबच्या देवरावने ते काढलं आणि फॉर्मवर आपलं नाव घातलं. नवव्या प्रश्नावर मात्र अडल्या. दोष सापडला तर नातेवाइकांना कळवायचं का? थांब, म्हणाल्या, पोरीले, भारतीले विचारून सांगतो, तिच्या सासरचे लोक बरे नाहीत.
त्या गेल्या. कुरिअरवाला दारात उभा. अपुरा फॉर्म प्रयोगशाळा घेत नाही. मी ‘हो’वर खूण केली आणि खाली माझाच अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून मॅडमनी न पाहता सही केली.

५ मे
अहवाल आला. दोष आहे. मुलीतही असण्याची शक्यता निम्मी. फॉर्मवर नातेवाइकाचा म्हणून दिलेल्या नंबरवर तो आपोआप गेला. नंबर महाल भागात राहणाऱ्या जावयाचा निघाला.

८ मे
भारती गेली. सडकं रक्त गळ्यात मारलं, असं ओरडत नवऱ्याने पोळपाटाने तिचं डोकं फोडलं. शेजारणीने पोलिसांना सांगितलं. तो फरार आहे.
तिचा भाऊ भूपेश संमतिपत्राची प्रत घ्यायला आला. कूलरचे पत्रे कापतो. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाला, माह्या मायच्या अंगठ्याले रेषाच नाहीत, मंग हा कोनाचा?
मी म्हणालो, माहीत नाही.

१० मे
जावई सापडला, शहराबाहेर मिहानकडच्या रिकाम्या प्लॉटवर. गळा चिरलेला. उजवा अंगठा नाही. शेजारी संमतिपत्राची झेरॉक्स, तिच्यावर त्याचा ठसा, रक्तात. ठशावर फुली.
जुळला नव्हता.
मॅडम म्हणाल्या, सांभाळून राहा. मी हात खिशात घातला.

११ मे
देवराव. सकाळी, घराच्या फाटकातच. पत्रा कापायची कात्री, अंगठा गेला— जिवंत आहे. सांगतो, भूपेश म्हणत होता, रडू नको गा, नाही जुळला तर सोडतो. नाही जुळला. सोडलं.
फॉर्मवरची आता दोनच नावं उरली. मॅडम आणि मी.
मॅडमना सांगायला हवं. उद्या.

१२ मे, दुपार
रेकॉर्डच्या खोलीत आहे. आतून कडी. बाहेर भूपेश आणि मॅडम. वॉचमनचा फोन आला— पोलीस दहा मिनिटांत पोचतील.
मॅडम मुलांच्या शपथा घेताहेत. तो समजावतोय, घाबरू नका मॅडम, फक्त जुळवून पाहतो—
‘माझा आहे’. दोनच शब्द. दाराला तोंड लावून सांगता येतील. आणि मी लिहितोय—
कात्री उघडली. मॅडम माझं नाव घेऊन विचारताहेत, कुठे आहेस, तू सांग ना याला—
नऊ मिनिटं.
माझा— माझा आ