सुरुवातीला नरम ब्लेड

मुरबाड
ता. २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जगदीश,

राम राम. हे पत्र पोचेल तेव्हा तू ग्राउंडवर धावत असशील नाहीतर धावून आल्यावर झोपलेला असशील. दोन्हीपैकी जे असेल ते चालू दे. इकडे सगळे बरे आहेत. भात झोडून झालं, वाल पेरला. बाबा तापाने आजारी होते, काही दिवस इथल्या दवाखान्यात ठेवलं होतं. आता घरी टोकावड्याला आहेत आणि सगळ्यांवर ओरडतात, म्हणजे बरे झाले.

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरातून तुला रविवारी जो फोन मिळतो तो तू घरी काकींना करतोस, आईला आधी, ते बरोबरच आहे. तुझा निरोप मला पोचला. रविनाने फोन करून सांगितला. "दादा विचारतो, दाढीला ब्लेड कुठलं घेऊ? रोज सकाळी उस्ताद गालावर कापूस फिरवून बघतो, न् दादाचा गळा रोज रक्ताचा." मी म्हटलं, लिहून कळवतो. ती म्हणाली, बरं. एवढंच बोलणं झालं.

तर ब्लेड. कॉलेज सोडल्यापासून मी भगीरथशेठच्या कटलरीच्या दुकानात उभा असतो हे तुला माहीत आहे. ब्लेडच्या पेट्या माझ्याच डोक्यावरच्या फळीवर असतात. नावाने कुणी मागत नाही. हिरवं दे, निळं दे, पिवळं दे. रोज सगळ्यांना देत होतो, पण त्यांच्यात फरक असतो हे मला दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. दिवाळीत मी दुधारी रेझर घेतला. दांडा पिळला की वरची दोन झाकणं उघडतात, तो. आणि ब्लेड घेतलं सगळ्यात जहाल, काळ्या पाकिटातलं, जपानचं. मोबाइलवर एक माणूस सांगत होता की याच्यावर ब्लेडच नाही. मला सगळ्यात वरचं ते पहिलं लागतं, तू ओळखतोस.

पहिल्याच दिवशी तोंडाला सात ठिकाणी पेपरचे तुकडे चिकटवून दुकानात गेलो. शेठ म्हणाला, "तू मागं जाऊन खोकी लाव. गिऱ्हाईक तुझं तोंड बघून ब्लेड खाली ठेवतं."

तू तसं करू नको. हिरवं घे. ते नरम आहे, हात चुकला तरी सोडून देतं. एका ब्लेडने निदान तीन दाढ्या कर, मगच चांगलं-वाईट ठरव. पहिल्या दाढीला नवं ब्लेड कधीकधी ओढतं, तेवढ्यावरून फेकून देऊ नको. आणि ब्लेड बदलून बघायचं तर साबण बदलू नको, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. केस ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूने चालव. गळ्यावर ते आडवे असतात, बोटाने चाचपून बघ. ब्लेड टॉवेलला पुसू नको, नुसतं पाण्यात हलव. आणि दाबू नको. रेझरच्या वजनानेच केस कापले जातात. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मी विळ्याने गवत कापावं तसा चालवत होतो.

तू म्हणशील, दाढीवाल्या कान्हाला हे कुठून सुचलं. काही नाही, असंच. तू ट्रेनिंगला निघालास त्या दिवशी धोंडीकाका तुमच्या ओट्यावरून म्हणाले होते, "दाढी राखणाऱ्या पोरांना एक तर काम नसतो, नायतर लाज नसते." सगळे हसले, मीही हसलो. त्याचा याच्याशी संबंध नाही.

आणखी एक. रविनाला भातसानगरचं स्थळ आलंय. अमोल नाव, धरणावर नोकरीला आहे, पर्मनंट. तुला माहीत असेलच. पर्मनंट म्हणजे चांगलंच. मी आपलं लिहायचं म्हणून लिहिलं.

गळ्याला तुरटी लावत जा.

तुझा
कान्हा


टोकावडे
ता. ६ डिसेंबर २०२५

प्रिय जगदीश,

लिफाफ्यातून तुला चार रंगांची चार ब्लेडं पाठवणार होतो. पोस्टातल्या बाईंनी लिफाफा चाचपला आणि म्हणाल्या, धारेची वस्तू चालत नाय. तेव्हा तिथल्या कॅन्टीनमध्ये मिळेल त्यातलंच नरम बघ.

तुझ्या घरून तुला एक बातमी कळेल, ती आधी माझ्याकडून कळलेली बरी. माझा बाप मेलेला नाही.

झालं असं. सोमवारी सकाळी मी दुकानाच्या माळ्यावर दाढी करत होतो. निळं ब्लेड, दुसरी दाढी, चाललं होतं ठीक. तेवढ्यात काकींचा फोन आला. तुझं पत्र आलं का वगैरे विचारून झालं आणि म्हणाल्या, "चौदा तारखेला भातसानगरवाले बघायला येणारेत रविनाला. तू पन ये रे मदतीला, पोहे वाटायला मानूस लागतो." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि रेझर पुन्हा हातात घेतला. तिथे चुकलं. नाकाखाली जागा थोडी आणि दुधारी रेझरचं डोकं रुंद. अर्धी मिशी एका फटक्यात गेली. उरलेली अर्धी ठेवून बाजारात कसं जायचं? तीही काढली.

त्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. रस्त्याचं काम चालू आहे, शेठचा माल आणायला जीपमध्ये मागे बसलं की डोक्यात धूळ भरते. असा मी मुरबाडच्या बाजारात उभा. मिशी नाही, डोकं झाकलेलं. तुमच्या वाडीची गंगीआजी सुकी मासळी घ्यायला आली होती. बाबा दवाखान्यात होते हे तिने ऐकलेलं. तिने काही विचारलं नाही. असं कुणी विचारतही नाही. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "व्हतं रं पोरा असं, कुनाला चुकलंय." मला वाटलं, कापल्याच्या खुणा बघून म्हणते. मी म्हटलं, "हळूहळू सवय होईल, आजी." तिने डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून मी घरी आलेलो. तोंडाला रुमाल, सर्दीचं सांगून. दुपारी काकी, गंगीआजी आणि रविना फाट्यावर एस.टी.तून उतरल्या त्या रडतच. डोक्यावर पदर, टोपलीत भाकऱ्या आणि उडदाची डाळ, दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. बाबा ओट्यावर कोयत्याला दांडा बसवत होते. बायका रडत येताना बघून ते घाईने उठले आणि पुढे झाले.

"कोन गेला गो?"

काकी जागच्या जागी थांबल्या. गंगीआजीचा सूर मधेच तुटला.

"तुमी," काकी म्हणाल्या.

"मी?"

"आमाला तसंच कळला. ह्या आजीनं पोराची मिशी काढलेली बगली ना."

बाबा माझ्याकडे वळले. "रुमाल काढ."

मी काढला.

"भाड्या, मी जिता हाय न् तू मिशी उतरवून बाजार हिंडतोस?" कोयत्याचा दांडा आला. नेम चुकला, कोंबडीला लागला.

मी काकींना म्हटलं, एक फोन करून विचारायचं ना. त्या म्हणाल्या, "काय विचारू? तुजा बाप खराच मेला का, असं?" त्यांचंही बरोबर होतं.

गंगीआजी सावरली, बाबांना म्हणाली, "वाळू, तुजा आयुक्ष वाढला रं आता." बाबा म्हणाले, वाढलं तर वाढलं, भाकर आणलीच हाय तर वाढा. स्वतःच्या दुखवट्याची भाकर त्यांनी दोनदा मागून घेतली. डाळीत मीठ कमी आहे म्हणाले.

रविना हातपंपावर टोपली धुवायला गेली. मी पंप मारला. ती म्हणाली, "तोंड सोललेल्या अंड्यासारखा दिसतो."

"वाढेल."

"मी एस.टी.त केवढी रडले. मानसं बघत होती. तुज्या बाबांचा झाला म्हनून, न्..."

मी पंप मारत राहिलो. टोपली केव्हाच धुऊन झाली होती.

"चौदाला येनारेत ते," ती म्हणाली.

"म्हाइत आहे."

"म्हाइत आहे? बस?"

"मग काय म्हणू?"

"काय नको म्हनू. मिशी वाढव."

असं झालं. तुला हसायला लिहिलं आहे. दुसरं काही नाही.

तुझा
कान्हा (बाप खुशाल)


मुरबाड
ता. १५ डिसेंबर २०२५

जगदीश,

ब्लेडचं आधी लिहितो, म्हणजे ते संपेल. हिरवं तुला बसलं असं कळलं. आता महिनाभर तेच ठेव. पिवळं हिरव्यापेक्षा थोडं जहाल आहे, तुझ्या हनुवटीचे केस राठ आहेत, त्यांना पुढे ते चालेल. काळ्याला हात लावू नको. नाकाखाली ओठ दातांवर ताणून धरायचा आणि रेझर बोटभरच चालवायचा. आणि दाढी चालू असताना फोन घ्यायचा नाही.

आता दुसरं. हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं.

मला रविना हवी आहे. आजपासून नाही. कॉलेजात ती पहिल्या वर्षाला आली तेव्हापासून. तिला बोललो नव्हतो, तुला तर नाहीच. काका दाढीबद्दल बोलले म्हणून मी रेझर घेतला. संबंध नाही असं लिहिलं होतं. होता.

गुरुवारी मी भातसानगरला गेलो, अमोलला मारायला. सरळ लिहितो, कारण तू मला आश्रमशाळेपासून ओळखतोस, दुसरं काही लिहिलं तर तुला पटणार नाही. तो क्वार्टरच्या दारात सायकल पुसत होता. मला बघून उठला.

"तुम्ही कान्हा ना, मुरबाडच्या दुकानातले? रविनाच्या वाडीवरून वडिलांचं कळलं. वाईट झालं."

"बाप जिवंत आहे."

"मग मिशी?"

"ब्लेड घसरलं."

त्याने माझ्या ओठाकडे नीट बघितलं. "कुठलं ब्लेड?"

"मी तुला मारायला आलोय."

"ते दिसलं. मूठ सोडली नाहीस अजून. पण ब्लेड कुठलं?"

"निळं."

"निळं नाकाखाली धरतं. मीपण सोडलं." आणि त्याने आत चहा सांगितला. त्याच्याकडेही दुधारी रेझर आहे. आम्ही पायरीवर बसून काय बोललो असू ते तुला सांगायला नको. कुठलं ब्लेड ओढतं, कुठलं किती दाढ्या चालतं. मूठ केव्हा सुटली ते कळलं नाही, कपाला दोन्ही हात लागले होते.

मग तो म्हणाला, "तिला विचारलंस?"

"नाय."

"मग मला मारून काय होणार होतं? ती काय माझ्याकडे आहे?" त्याने कप खाली ठेवला. "मी रविवारी येणार. ती नाय म्हणाली तर ऐकेन. पण ते तिचं ऐकेन, तुझं नाय."

माणूस चांगला आहे. हेही लिहायला हवं.

तिथून शहापूरला आलो. रविना कॉलेज सुटून स्टँडवर उभी होती. तिला सगळं सांगितलं.

"चा पिलात दोघं? माझ्यावर?"

"तुझ्यावर नाय. ब्लेडवर."

ती हसली, आणि मग लगेच तापली. "हात उगारायला भातसानगरपर्यंत जातोस, न् माझ्याशी चार शब्द बोलायला तुला एस.टी. मिळत नाय? दोन वर्सं?"

मग मी तिथेच विचारलं. तिची किन्हवलीची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता, तिने मला पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा विचारलं.

"मला चालशील," ती म्हणाली. "पन ह्या हाताची मला भीती वाटते. आज त्याच्यावर उगारायला निघालास, उद्या घरात कुनावर?" मी हात खिशात घातला. ती म्हणाली, "हेच दादाला लिही. मी सांगनार नाय, तू लिही."

काल ते लोक आले. मी गेलो नाही. पुढचं काकींनी फोनवर सांगितलं. रविनाने पोहे दिले, नाव-शिक्षण सांगितलं. काही विचारायचं का, असं अमोलच्या वडिलांनी म्हटल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मला आत्ता हो म्हनायचा नाय. मला दुसऱ्या एकानं विचारलंय, न् मला तो पटतो." काकांच्या हातातली बशी तशीच राहिली. अमोल म्हणाला, "आमचं काही नाही, तुम्ही घरात बोला." आणि पोहे संपवून ते लोक नीट उठले.

मग घरात झालं ते झालं. काका म्हणाले, "त्यो? कालेज सोडलेला? मिशी उडवलेला?" काकी बाबांचा दुखवटा आठवून हसायला लागल्या, त्याने काका आणखी चिडले. शेवटी म्हणाले, "जग्या त्याला ल्हानपनापासनं वळखतो. जग्या लिहील तसं."

तर आता तुझ्यावर आलं आहे.

मी बदललो असं लिहिणार नाही. महिन्याभरात कोण बदलतं? सातवीत मी आश्रमशाळेची खिडकी हाताने फोडली तेव्हा पट्टी तू बांधलीस. कॉलेजात हजेरीवरून सरांच्या टेबलावरच्या वह्या मी उडवल्या, त्या तू उचलल्यास. मी बाहेर पडलो तो पडलोच. भातसानगरहून न मारता परत आलो, एवढं एकच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे, आणि त्यातही अर्धं अमोलचं आहे.

रविना विचारते त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझा हात तू माझ्यापेक्षा जास्त बघितलास. तिला माझ्या घरात पाठवावं का, हे तूच सांगू शकतोस. माझा दोस्त म्हणून लिहू नको. तिचा भाऊ म्हणून लिही. 'नाही' लिहायचं असेल तर 'नाही'च लिही, सांभाळून लिहू नको.

आणि मला पाठवू नको. काकांना पाठव. ते ओट्यावर बसून वाचतील, मी खाली अंगणात उभा राहून ऐकेन. जे असेल ते ऐकून, काही न बोलता, घरी जाईन.

कान्हा वाळू मेंगाळ
मु. टोकावडे, ता. मुरबाड