केबिनचा भाव उतरेपर्यंत

१२ नोव्हेंबर १९७३, मिरज
शालूचं पत्र आलं, मोंबासाहून. फेब्रुवारीअखेर दिवस भरतील. "आईला पाठवा. या खेपेला मला एकटीला नको." मागचं मूल पोटातच गेलं तेव्हा पोरीजवळ कोणी नव्हतं. जावई साखर कारखान्यात केमिस्ट, दिवसरात्र ड्यूटी.
सौ.नं पत्र दोनदा वाचलं. मग मला एवढंच, "बोट कवा हाय?" जाऊ का, हे विचारलंच नाही.
विमान झेपणार नाही. तिच्या छातीलाही आणि माझ्या फंडालाही.

१५ नोव्हें.
सांगलीला जाऊन आलो. हळदीच्या पेठेजवळ हसनभाईंचं दुकान, बोटीची तिकिटं काढून देतात. मुंबईहून २४ जानेवारीला बोट. दोघींच्या केबिनमध्ये एका बर्थला एकोणीसशे. खाली डेकवर वळकटी पसरून गेलं तर निम्म्याहून कमी, पण डॉक्टरांनी डेक साफ नाकारलाय. तिचा दमा. दहा दिवस तळाशी, कोंदट जागेत, शंभर माणसांत. नकोच.
ह.भाई : "साहेब, आजच घ्या. पुढचं कुणी सांगावं."
मी हसलो. बत्तीस वर्षं रेल्वेच्या बुकिंगच्या खिडकीत बसलोय. दुकानदारानं मला तिकीट शिकवावं?

१६ नोव्हें.
सौ.ला समजावून सांगितलं. मुंबईचे मोठे एजंट केबिनी आधीच अडकवून ठेवतात. बोट सुटायला पंधरा दिवस उरले की खपलेल्या नसतात त्या वाटेल त्या भावाला काढतात. बोट सुटली की रिकाम्या बर्थला कवडीची किंमत नाही. काळाबाजारवाल्यांना गाडीची शिट्टी झाल्यावर तिकिटं पडेल भावाला विकताना मी डोळ्यांनी पाहिलंय.
ती ज्वारी निवडत होती. "आवं, पर आपल्याला जायचंच हाय न्हवं?"
म्हटलं, म्हणून काय जास्त द्यायचे?

३ डिसेंबर
पासपोर्ट आला. फोटोत सौ. घाबरलेली दिसते. लशीच्या सुया टोचून झाल्या, दोन दिवस अंगात ताप. तरी ट्रंक काढलीच. बाळंतविडा शिवायला घेतलाय, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी.

१० डिसें.
दस्तगीर मिस्त्री भेटले, सतारमेकर. त्यांचा भाऊ गेल्या महिन्यात दोन तंबोरे पोचवायला नैरोबीला गेला. केबिन शेवटच्या चार दिवसांत घेतली, सातशे कमी पडले म्हणे. घरी आल्या आल्या सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "त्येला कोण बाळंत व्हायचं हुतं?"
बायकांशी बोलण्यात अर्थ नाही.

१८ डिसें.
सांगली. साडेसतराशे! उतरला. ह.भाईंनीच कबूल केलं. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "आता घ्या साहेब. हा चांगला भाव आहे." त्यांची घाई बघूनच कळतं, अजून उतरणार.
येताना सौ.ला शेवंतीची वेणी आणली. घेतली. माळली नाही.

२ जानेवारी १९७४
सोळाशे साठ. सोळाशेच्या खाली आला की घेतो. मनाशी आकडा ठरवलाय, आता त्यात बदल नाही.
सौ. : "घिऊन टाका की वो. माजा जीव टांगणीला लागलाय."
आणखी आठ दिवस, म्हटलं. आठ दिवसांनी काय जग बुडतंय.
खरं सांगायचं तर साठ रुपयांचं काही नाही. फंड तसाच पडून आहे. जन्मभर रेल्वेच्या पासावर हिंडलो, तिकिटाला पैसे मोजायचे म्हटले की हात मागे येतो, तेही एक. पण त्याहून जास्त म्हणजे

(ती आली म्हणून वही मिटली होती. काय लिहिणार होतो ते आता आठवत नाही.)

११ जाने.
ह.भाईंचा माणूस निरोप घेऊन आला. तसाच बसनं गेलो.
तेवीसशे पन्नास.
तेल महागलं म्हणून कंपनीनं भाडं चढवलंय. वर याच मार्गावरची दुसरी बोट रद्द झाली, तिची माणसं या बोटीवर घातली. एकच बर्थ आहे, संध्याकाळपर्यंत धरून ठेवता येईल, म्हणाले. खिशात चेकबुक होतं.
नाही घेतलं. म्हटलं, बघतो. हा वर गेलेला भाव टिकणारा नव्हे.
ह.भाई : "साहेब, रागावू नका. घरातल्या बाई जाणार आहेत ना?"

१३ जाने.
डोळा लागत नाही. सकाळी पहिल्या बसनं सांगली. तेवीसशे पन्नासला द्या, म्हटलं.
गेली. परवाच गेली. कराडच्या कोण्या व्यापाऱ्यानं घेतली. आता फक्त डेक.
दुकानातून बाहेर आलो तर हळदीची पोती उतरत होती. नाकातोंडात पिवळी धूळ. तिथंच पायरीवर बराच वेळ बसलो.

१४ जाने. संक्रांत
सांगितलं. सौ. तीळ भाजत होती. कढई उतरवली, पदराला हात पुसले. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. "मग डेकचं काडा."
डॉक्टर नाही म्हणतात, म्हटलं.
"डाक्टरला न्हाई पोर."
तिळगूळ सगळ्या आळीला दिला. माझ्या ताटात तिळगुळाची वाटी ठेवून गेली. गोड बोला, हे तोंडानं म्हणाली नाही.

१७ जाने.
डेकचं तिकीट मी काढणार नाही, असं निक्षून सांगितलं. तिच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे. ती म्हणाली, "आता आठवली व्हय?"
पस्तीस वर्षांत असं बोलली नव्हती.

१९ जाने.
तिचा भाऊ आनंदा आला, कराडजवळच्या गावाहून. रिटायर्ड सुभेदार. तिनं पत्र घातलं होतं, मला न सांगता. त्यानं चहासुद्धा उभ्यानंच घेतला. "दाजी, तुमी लय शिकल्यालं. तुमचं गनित ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. ताईला मुंबईला म्या घिऊन जातो, बोटीत बसवून यितो."
दुपारी सांगलीला जाऊन डेकचं तिकीट घेऊन आलासुद्धा. पैसे देऊ लागलो तर माझा हात बाजूला केला. जोरात नाही, हळूच.

२१ जाने.
स्टेशनवर सोडायला गेलो. बुकिंगच्या खिडकीतला नवा पोरगा नमस्कार करतो. सौ. खिडकीशी बसली होती. दम्याचं औषध घेतलं का, विचारलं. मान हलवली. गाडी सुटताना म्हणाली, "पिठाचा डबा वरच्या फळीवर हाय."
बस. एवढंच.

२५ जाने.
तार : "बोट सुटली. ताई गेली." आनंदाची.

२७ जाने.
आनंदा थेट इथंच उतरला. सांगायलाच आला होता, बहुतेक. खाली बसून सांगितलं.
बोट सुटायच्या आधी दोनेक तास धक्क्यावर एक एजंट हिंडत होता. नैरोबीचं कुटुंब आलंच नाही, केबिनचे दोन बर्थ रिकामे. आधी दोन हजार म्हणत होता. मग सोळाशे. मग बाराशे. शेवटी आनंदाच्या मागं लागला, आठशे द्या आणि न्या. पैसे होते आनंदाजवळ.
"मग?" मी.
"म्या काडलं की पैसं. ताईनं हात धरला. म्हनली, नगं."
"नको? का?"
फौजी माणूस, पण माझ्याकडे बघवेना त्याला. "म्हनली, भाव उतरतोय आसं ते म्हनायचं. त्येंचं खरं झालं आसं व्हायला नगं. मी डेकावरच जाते."
वळकटी डोक्यावर घेऊन खाली उतरली म्हणे. त्या गर्दीत तिचा निळा पदर तेवढा थोडा वेळ दिसला.
माझं गणित बरोबर होतं. हे कुणाला सांगू?

४ फेब्रुवारी
बोट लागली असेल. तार नाही.

७ फेब्रु.
तार : "आई पोचली. दवाखान्यात. काळजी नसावी. शालू."
काळजी नसावी! जेवलो नाही.

२० फेब्रु.
शालूचं पत्र. बोटीवर चौथ्या दिवशीच आईची छाती भरून आली होती. मोंबासाला आठ दिवस दवाखान्यात. आता घरी आहे, बाळाची दुपटी पुन्हा धुवून वाळवते. पत्रात सौ.ची एकही ओळ नाही. कोपऱ्यात शालूनंच लिहिलंय, "आईचा नमस्कार." अक्षर शालूचं.

९ मार्च
मुलगी झाली. दोघी सुखरूप. आळीत पेढे वाटले. दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं, वहिनी कधी येणार? पावसाळ्याआधी, म्हणालो. तोंडाला येईल ते.

१६ मार्च
आज सांगलीला गेलो. ह.भाईंनी स्वतः खुर्ची पुढं केली. म्हटलं, मोंबासाहून मुंबई, केबिन. एक बर्थ. आजच घ्यायचीय. भाव असेल तो असेल, चेकबुक आणलंय.
त्यांनी वही उघडली, पेन काढलं. "कुठल्या तारखेची, साहेब?"
मी चेकबुक काढून टेबलावर ठेवलं.
"तारीख कळवली असेल ना त्यांनी?"
न कळवल्याचं मी सांगितलं. त्यांनी वही मिटली नाही. पेन हातात धरून तसेच थांबले. मीच उठलो.
घरी येऊन पत्र लिहायला बसलो, तिच्याच नावानं. पस्तीस वर्षांत तिला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. मायना काय घालावा ते कळेना. चार कागद फाडले. पाचव्यावर एवढंच लिहिलं, की तारीख तू सांग, मी काही भाव…