या आता

बुधवार, ३ डिसेंबर २०२५. दुपारचे ३ वाजून १० मिनिटे. खाटेवर बसून, उशीवर वही ठेवून लिहीत आहे.

पोहोचलो. टेंभीवस्ती शनी शिंगणापूरच्या पलीकडे, उसाच्या मधोमध आहे, आणि शिंगणापूरप्रमाणेच इथल्या घरांनाही दारे नाहीत. चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. माझ्या खोलीला जुन्या साडीचा पडदा आहे. घरमालकीण छबूबाई यांनी तो असा दाखवला, जणू काही सागवानी दारच. तरी मी खूश आहे. बारावीला दोनदा नापास झालेल्या माणसाला पंधरा दिवसांसाठी का होईना, 'व्यवस्थापक' कोण म्हणतो?

काम असे. 'उरलेले' नावाची एक मालिका मोबाईलवर लागते. जग बुडाले आहे, मेलेले उठून चालत आहेत आणि उरलेले लोक दारांना फळ्या ठोकत आहेत, एवढीच गोष्ट आठ भाग ताणली आहे. दुसऱ्या पर्वातले मुडदे याच वस्तीतले, रोजंदारीवर घेतलेले. आता त्या पर्वाचा पहिला भाग श्रीरामपूरच्या थिएटरात या मुडद्यांनाच दाखवायचा आणि त्याची जाहिरात करायची, की दारे नसलेली वस्ती दारे फोडणारी मालिका बघते. कल्पना आमचे ठेकेदार हेमचंद्र सर यांची. सर एम.ए. आहेत. पोस्टरवर त्यांनी 'दूसरे पर्व' छापले आहे. दु ऱ्हस्व असतो, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, मुडद्यांना कुठे वाचता येते! काम नीट झाले तर पुढच्या पर्वाला कायम ठेवतो, असेही म्हणाले. म्हणून मी पुढे बोललो नाही.

आईला फोन केला. तिला मालिका कळली नाही, पगार कळला.

शुक्रवार, ५ डिसेंबर. सकाळी, चहानंतर.

या लोकांना रीत म्हणून नाही. निघताना एकही माणूस 'येतो' म्हणत नाही. सरळ 'जातो' म्हणतात, आणि घरातले त्याहून सरळ 'जा' म्हणतात. म्हाताऱ्या माणसालाही 'जा'! लहानपणी मी एकदा शाळेत निघताना 'जातो' म्हणालो, तर आईने परत आत बोलावले, पाटावर बसवले, पाणी दिले आणि 'येतो' म्हणायला लावले. मग ती 'ये' म्हणाली. माझी आई मीटर बघायला आलेल्यालाही 'आत या, बसा' म्हटल्यावाचून सोडत नाही.

इथे उलट. दार नाही, पण कोणी सरळ आत येईल तर शपथ. उंबऱ्याबाहेर उभे राहून 'येऊ का?' विचारतात आणि 'या' ऐकेपर्यंत उन्हात तापत राहतात. मी छबूबाईंना विचारले, की एवढा थाट आहे तर दोन फळ्या का नाही ठोकत? त्या भांडी घासत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "दार कशाला? सबूदच दार हाय आमचं."

शब्द म्हणे दार! अडाणीपणाला किती छान नाव!

सोमवार, ८ डिसेंबर. संध्याकाळी.

आज मुडद्यांची उजळणी घेतली. सरांना मोबाईलवर टाकायला व्हिडिओ हवा होता. सगळ्यांना म्हटले, शूटिंगला चालला होतात तसे चाला. चालले ते दळण घेऊन निघाल्यासारखे. एकीने मध्येच थांबून वाळत घातलेली मिरची हलवली.

यांचा पुढारी अजिनाथ, सत्तरीचा, एकटा. शेजारची पुष्पावती त्याला दोन वेळची भाकरी देते, आता मलाही देते. पहिल्या भागात हे दोघे नायकाच्या घरात घुसतात. तो प्रसंग अख्खा दिवस चालला होता म्हणे, कारण हल्ला करायला जाताना अजिनाथ प्रत्येक वेळी उंबऱ्यापाशी चप्पल काढायचा. दिग्दर्शक ओरडला, की आजोबा, तुम्ही मेलेले आहात. तर हा म्हणाला, "मेलो म्हनून काय झालं? घर तर लोकाचं हाय."

हे सांगून सगळे खो खो हसले. पुष्पावतीने मला टोमणाही मारला, की मुडदे आम्ही होतो, पण भाकरीवाचून वाळलाय तुम्ही. मी हसलो नाही. मी व्यवस्थापक आहे.

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळचे ९. श्रीरामपूर, लॉजवर.

काल पहिला भाग दाखवला. पडदा, आवाज, खुर्च्या सगळे वेळेवर. मालिका मात्र भिकार. नायकाला जग बुडाल्यावरही दाढी करायला वेळ आहे. मेलेले दार फोडतात, हा फळी ठोकतो. ते पुन्हा फोडतात, हा पुन्हा ठोकतो. बुडालेल्या जगात खिळे मात्र संपत नाहीत.

वस्तीचे लोक घाबरले नाहीत. टेम्पोवाला बजरंग पडद्यावर कोणाचा तरी गळा चावताना दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. "आरं, जेवून जायाचं ना घरनं!" असे मागून कोणीतरी ओरडले. पुष्पावतीला स्वतःच्या मरणापेक्षा तिची शूटिंगला नेलेली साडी परत मिळाली नाही याचेच दुःख. आणि सगळ्यांना एकच कोडे, की ही माणसे फळ्या का ठोकतात? न बोलावता कोणी येईलच कसे? सरांनी कपाळाला हात लावला. मीही लावला.

शेवटी टेम्पोपाशी निरोपाचा व्हिडिओ घेतला. एकेक जण कॅमेऱ्यासमोर 'जातो' म्हणू लागला. किती अभद्र दिसते ते! मी थांबवले, 'येतो' म्हणा म्हणून सांगितले. सगळ्यांनी तोंडे फिरवली. बजरंग तर टेम्पोत जाऊन बसला. सर माझ्याकडे बघत होते. पुढच्या पर्वाची नोकरी माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती. तेव्हा अजिनाथ पुष्पावतीला म्हणाला, "पोराच्या पोटाचा सवाल हाय. म्हन, काय व्हतंय?" दोघांनी हात जोडले. 'येतो.' 'येते.' मीही हात जोडून म्हणालो, या, नक्की या. टेम्पोतला गलबला एकदम बंद झाला.

व्हिडिओ फार छान आला आहे.

त्याच दिवशी. सरांचा फोन आला होता. टेम्पो रात्री वळणावर उसाच्या ट्रॉलीला धडकला. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. बाकीच्यांना खरचटले. दोघे गेले. ते दोघे.

रविवार, १४ डिसेंबर. वस्तीवर.

काल संध्याकाळी दोघांना एकाच वेळी नेले. नाकात कापूस, कपाळावर गुलाल. मी मागे उभा होतो. सरांचा निरोप आला, की निरोपाचा व्हिडिओ आजच टाक, लोक वेड्यासारखे बघतील. असल्या माणसाला एम.ए. कोणी दिले? मी टाकला नाही. सरांनी टाकला.

छबूबाईंनी तो नातवाच्या मोबाईलवर पाहिला. मला विचारले, की शेवटी 'या' तुम्हीच म्हणालात ना. म्हटले, हो, चांगल्या घरात तसेच म्हणतात. त्या म्हणाल्या, की इथे तोंडातून निघालेला शब्द कोणी वाया घालवत नाही. जिवंतही नाही आणि –

मोबाईल नातवाच्या हातात देऊन आत गेल्या. खुळचट बाई.

सोमवार, १५ डिसेंबर. दुपारी.

अंगणाच्या टोकाला लिंबाखाली दोन माणसे उभी आहेत. ऊन आहे, लख्ख दिसतात. वस्तीचे लोक त्यांच्या अंगावरून जातात, खाली मान घालून.

मालिकेत मेलेल्यांच्या अंगावर रक्त असते, किडे असतात. सगळे खोटे. हे आंघोळ घातल्यासारखे स्वच्छ आहेत. नाकात कापूस आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर.

आता अंगणाच्या मध्यावर आहेत.

छबूबाई म्हणतात, की 'या' म्हटले म्हणून आले, 'आत या' म्हटले तर आत येतील, तोवर येणार नाहीत. ज्याने बोलावले त्यानेच तोंडावर 'जा' म्हणायचे. सोपे आहे, आमचे लहान पोरही म्हणते, म्हणाल्या. मी म्हटले, मी नगरला आईकडे निघून जातो. त्या म्हणाल्या, "तुमी जिथं, तिथं ती दोघं. तुमच्या आईला सांगून ठेवा मंग."

आईच्या घराला दार आहे. पण आई ते उघडेल. आणि काय म्हणेल ते मला माहीत आहे.

जाणार नाही.

बाहेर गेलो. दोघांनी माझ्याकडे पाहिले. अजिनाथ आजोबा. भाकरी देणाऱ्या बाई. वयाने मोठी माणसे – 'जा' कसे म्हणायचे? जीभ वळेना. हात जोडले आणि म्हणालो, या आता.

आमच्याकडे पाहुण्याला उठवायला असेच म्हणतात. या आता. त्याचा अर्थ जा असाच होतो, सगळ्यांना कळतो –

दोघे पुढे आले.

बुधवार, १७ डिसेंबर.

उंबऱ्यापाशी. मालिकेत मेलेले दार फोडतात. यांनी चपला काढल्या आहेत. शेजारी शेजारी, नीट.

पडदा हलतो. वारा नाही.

आईचा फोन आला. माझा आवाज ऐकून म्हणाली, तुला बरे नाही, मी येते. म्हटले, येऊ नकोस. म्हटले, आई, इकडे येऊ नकोस. ती म्हणाली, बरं, ठेव, येते.

तिला म्हणायचे तसे म्हणाली असेल. फोन ठेवताना ती नेहमी येते म्हणते. नेहमी –

गुरुवार, १८ डिसेंबर. दुपार.

श्रीरामपूरहून दार मागवले होते, ते आले. बसवायला कोणी तयार नाही. तिथल्याच टेम्पोवाल्याने खिडकीतून आत ढकलले. चौकटीला टेकवून पाठ लावून बसलो आहे. हिशेब लिहितो.

जुने दार – १,८००
बिजागऱ्या, कडी – ३१०
टेम्पो – ७००
देणे, छबूबाई, भाडे – १,५००
देणे, पुष्पावती, भाकरी –

बाहेर शांत आहे. आता उठतो. दार बाजूला करून म्हणणार. ज ला काना. लहान पोरही म्हणते. जा. जा. जा. वही हातात ठेवतो, वाचून म्हणेन.

केले बाजूला. उभे आहेत. तोंडे माझ्याकडे –

त्यांच्या मागे पिशवी. हिरवी. आईची.

तिला त्यांच्या पाठीच दिसतात –

जा म्हटले तर तिलाही –

चप्पल काढते आहे. त्यांच्या चपलांशेजारी. हसते आहे. त्यांना म्हणते, अहो, उन्हात का उभे, घर आपलेच आहे

आई नको

या ना म्हणते, आत